चिं. त्र्यं. खानोलकर : चरित्र, परात्मता आणि दैवी प्रतीके
('कोंडुरा'तील परशुरामतात्याच्या संदर्भात)

१

साठोत्तरी मराठी कादंबरीतील परात्मतेचा विचार आजवर प्रामुख्याने दोन दिशांनी झाला आहे. पहिली दिशा महानगराची. चाळी, नाके आणि कचेऱ्या यांच्या गर्दीत माणूस माणसाला पारखा कसा होतो, हे तिने दाखविले. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) ही तिची ठळक खूण. दुसरी दिशा शिक्षणासाठी गाव सोडून शहरात गेलेल्या आणि दोन्हींकडे उपरा ठरलेल्या तरुणाची. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३) तिला नायक दिला. या दोन्ही दिशांमध्ये एक गृहीत समान आहे. परात्मता ही आधुनिकतेची देणगी असून देव, कुळाचार आणि गावगाडा यांची पकड सुटल्यावरच ती माणसाच्या वाट्याला येते, असे हे गृहीत आहे.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचे कथात्म लेखन या गृहीताला छेद देते. त्यांच्या कादंबऱ्यांतील माणसे सहसा गाव सोडत नाहीत. त्यांचा देवही त्यांना सोडत नाही. तरीही ती गावात, घरात आणि स्वतःच्या देहातही परकी झालेली असतात. किंबहुना देवाने धरल्यामुळेच ती माणसांतून उठतात. परात्मतेचे कारण श्रद्धेच्या अभावात नसून श्रद्धेच्या अतिरेकी सामीप्यात असू शकते, हा खानोलकरांच्या अनुभवविश्वाचा गाभा आहे. 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीतील परशुरामतात्या हे त्याचे सर्वांत स्पष्ट रूप. त्या व्यक्तिरेखेकडे जाण्याची वाट लेखकाच्या चरित्रातून जाते. मात्र चरित्राने कलाकृतीचा उलगडा होतो, असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. चरित्र एवढेच सांगते की, ही प्रतीके ग्रंथांतून उसनी घेतलेली नव्हती. ती लेखकाच्या उंबरठ्याबाहेर उभी होती.

२

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथे झाला. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा हा भाग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग स्वतंत्र झाला तो १९८१ साली. शेजारी सावंतवाडीचे संस्थान होते आणि कुडाळ त्याच संस्थानात मोडत असे. समुद्र, खाडी, माडाच्या बागा, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा आणि मनीऑर्डरीवर तगणारी घरे असा हा प्रदेश. घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईत आणि मागे म्हातारी माणसे, बायका व मुले, हे दक्षिण कोकणचे चित्र त्यांच्या बालपणी पक्के झालेले होते.

या प्रदेशाची दैवते ध्यानात घेतल्याशिवाय खानोलकरांच्या प्रतीकसृष्टीत प्रवेश मिळत नाही. सातेरी ही वारुळाच्या रूपाने पूजली जाणारी भूमिदेवता. रवळनाथ हा ग्रामरक्षक. आरवलीचा वेतोबा रात्री गावातून फेरी मारतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात आणि त्या चालून झिजतात, असे मानतात. सीमेवर देवचार असतो, तो राखण मागतो. देवाला गाऱ्हाणे घालतात, मूर्तीला कळे लावून कौल घेतात आणि उजवा की डावा कळा पडला, यावर लग्ने, वाटण्या व भांडणे यांचे निर्णय होतात. अवसर अंगात येऊन बोलतो. येथे देव दूरच्या स्वर्गात नाही. तो शेजारी आहे, त्याला नाव आहे, हट्ट आहे, हक्क आहेत आणि तो नाराजही होतो. असा शेजारी कृपा करतो तेव्हा ती कृपा नाकारण्याची सोय माणसाला उरत नाही.

शालेय शिक्षण मॅट्रिकच्या आसपास संपले. घरची स्थिती ओढगस्तीची होती आणि निर्वाहासाठी कुडाळला खानावळ चालवावी लागली. मराठी साहित्यात इतक्या प्रत्यक्ष अर्थाने चूल आणि कविता एका छपराखाली नांदल्याची उदाहरणे थोडी आहेत. खानावळीचा मालक गावच्या दृष्टीने प्रतिष्ठित नसतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे जेवतो. पण त्याच्याशी नाते जोडत नाही. या स्थानाचा अनुभव खानोलकरांच्या लेखनात थेट वर्णनाच्या रूपाने क्वचितच येतो. त्यांच्या अनेक पात्रांचे गावातील स्थान मात्र असेच काठावरचे आहे. सर्वांना ती दिसतात आणि कोणाच्याच मोजदादीत ती नसतात.

३

याच काळात 'आरती प्रभू' हे नाव मराठी कवितेत आले. 'सत्यकथे'त १९५४ साली 'शून्य शृंगारते' ही कविता प्रसिद्ध झाली आणि कुडाळसारख्या गावी कोणी अनोळखी कवी बसला आहे, हे मुंबईच्या साहित्यवर्तुळाला समजले. १९५९ साली 'जोगवा' हा पहिला संग्रह निघाला. त्याच वर्षी मंगेश पाडगावकर यांच्या साहाय्याने आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरी मिळून ते मुंबईस आले. पाडगावकरही मूळचे वेंगुर्ल्याचेच. नोकरी सुमारे दोन वर्षेच टिकली. पुढील आयुष्य लेखनाच्या तुटपुंज्या आणि अनिश्चित मिळकतीवर गेले.

'जोगवा' या शीर्षकाकडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. जोगवा म्हणजे देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा. तो मागणारा स्वतःसाठी मागत नाही. पण झोळी त्याचीच असते आणि पोटही त्याचेच. भक्ती आणि भूक यांची ही गाठ त्यांच्या काव्याच्या आरंभीच पडलेली आहे. जोगवा ज्या देवींच्या नावाने मागतात, त्यांत रेणुका-यल्लम्मा प्रमुख. रेणुका ही परशुरामाची माता. सात वर्षांनी आलेल्या 'कोंडुरा'च्या नायकाचे नाव परशुराम आहे, हे पाहता कवी आणि कादंबरीकार एकाच मिथकाभोवती फिरत होते, असे म्हणता येते. हा योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. 'दिवेलागण' (१९६२) हा दुसरा संग्रह आणि 'नक्षत्रांचे देणे' (१९७५) हा तिसरा. या शीर्षकांतही दिवस आणि रात्र, देणे आणि घेणे यांच्या सीमेवरची वेळच निवडलेली आहे. हृदयनाथ मंगेशकर यांनी या कवितांपैकी काहींना चाली दिल्या आणि दुर्बोध समजला जाणारा कवी सर्वसामान्य श्रोत्यांच्या कानी पोहोचला.

मुंबईत आल्यावर खानोलकरांच्या लेखणीचा वेग थक्क करणारा होता. पुढील पंधरा वर्षांत कादंबऱ्या, नाटके, कथा आणि कविता यांची रांगच लागली. 'रात्र काळी घागर काळी' (१९६२), 'अजगर' (१९६५), 'कोंडुरा' (१९६६), 'त्रिशंकू' (१९६८) आणि 'गणुराया आणि चानी' (१९७०) ही कथात्म लेखनातील महत्त्वाची नावे. 'सनई' (१९६४), 'राखी पाखरू' (१९७१) आणि 'चाफा आणि देवाची आई' (१९७५) हे कथासंग्रह. लेखक मुंबईत राहत होता. पण लेखन मुंबईत राहावयास आले नाही. ते वेंगुर्ले-कुडाळच्या पाणंदीतच फिरत राहिले. गाव मागे राहिल्यावर त्याचे तपशील पुसट झाले आणि त्याची दैवते मात्र अधिक मोठी, अधिक काळी होत गेली. त्यांच्या कादंबऱ्यांतील कोकण भौगोलिक असूनही स्वप्नातल्यासारखे का वाटते, याचे एक कारण या अंतरात शोधता येते.

४

'कोंडुरा' हे नाव प्रत्यक्ष स्थळाचे आहे. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर खडकांच्या घळीत समुद्र शिरून घुमतो, त्या जागेला हे नाव आहे. नैसर्गिक ध्वनीला हाकेचे रूप देणे ही लोकमानसाची जुनी रीत. खानोलकरांनी त्या ध्वनीतून एक दैवी सत्ता उभी केली.

कादंबरीचे मूळ सूत्र थोडक्यात असे. गरिबीने आणि घरच्या अपमानाने विटलेला परशुरामतात्या घर सोडतो. समुद्रकाठी त्याला कोंडुरामहाराजांचा साक्षात्कार घडतो आणि वरदान म्हणून एक मुळी मिळते. ही मुळी गर्भपात घडविणारी आहे. तिच्यासोबत अट येते ती ब्रह्मचर्याची. तात्या विवाहित आहे. तो गावी परततो तो सिद्ध पुरुष होऊन. गाव त्याच्या पाया पडते, देवीची आज्ञा त्याच्या मुखाने व्यक्त होऊ लागते, देवळाच्या जीर्णोद्धाराचा विचार पुढे येतो. ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याच्यावाचून गावाचे पान हलेनासे होते. आणि शेवटी या सामर्थ्यातून अनर्थच हाती येतो.

या रचनेतील पहिली लक्षणीय गोष्ट म्हणजे वरदानाचे स्वरूप. आपल्या कथापरंपरेत देव प्रसन्न झाला की पुत्र देतो. यज्ञातील पायस किंवा साधूने दिलेले फळ यांचे कार्य गर्भधारणेचे असते. कोंडुऱ्याची मुळी याच्या नेमकी उलट आहे. ती जन्म रोखते. वराचे बाह्य रूप तेच ठेवून त्याचे कार्य उलटविल्यामुळे वाचकाची श्रद्धा जागच्या जागी अडखळते. हे दान मानावे की शाप, याचा निवाडा कादंबरी करीत नाही आणि तात्याला तो करण्याची बुद्धी होत नाही. ज्याला आयुष्यात कधीच काही मिळाले नाही, तो मिळालेल्या वस्तूची परीक्षा करीत नाही. परशुरामतात्याचे दारिद्र्य हे येथे केवळ सामाजिक पार्श्वभूमी म्हणून येत नाही. त्याच्या श्रद्धेची घडण त्या दारिद्र्याने केलेली आहे.

दुसरी गोष्ट नावाची. कोकण ही परशुरामाची भूमी. बाण मारून समुद्र मागे हटविला आणि ही पट्टी वर काढली, अशी कथा चिपळूणजवळच्या देवस्थानापासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. पुराणातील परशुराम समुद्राला आज्ञा करतो. खानोलकरांच्या परशुरामाला समुद्रच आज्ञा करतो. पुराणातील परशुराम ब्रह्मचारी आहे आणि ते त्याचे तेज आहे. तात्याचे ब्रह्मचर्य त्याच्या पत्नीवर लादलेले वैधव्य आहे. पुराणातील परशुराम पित्याच्या आज्ञेवरून मातेचा शिरच्छेद करतो आणि तीच आज्ञाधारकता तिला पुन्हा जिवंत करून घेते. तात्याच्या आज्ञाधारकतेचा घावही मातृत्वावरच पडतो. परंतु येथे पुनरुज्जीवन नाही. मिथकाचा सांगाडा शाबूत ठेवून त्यातील परतफेडीचा दुवा काढून टाकणे, ही खानोलकरांची पद्धत आहे. आदिबंधाचा असा वापर मिथकाला गौरव देत नाही आणि त्याची चेष्टाही करीत नाही. मिथकाने दिलेले आश्वासन आता पुरे पडत नाही, एवढेच तो दाखवितो.

तिसरी गोष्ट परात्मतेची. तात्या आधी घरात परका होता. सिद्ध झाल्यावर तो सर्वत्र परका होतो. पत्नीला त्याचा स्पर्श नाही. गावकऱ्यांना त्याच्याशी बोलायचे नसते, त्याच्यातून बोलणाऱ्या देवीचे ऐकायचे असते. त्याचा देह अटीने बांधलेला आणि त्याची वाणी दुसऱ्याची. गाव त्याच्यापुढे जितके अधिक वाकते, तितका त्यातील माणूस अधिक नाहीसा होतो. अपमानित माणसाला किमान स्वतःचा अपमान तरी स्वतःचा असतो. पूजिल्या गेलेल्या तात्याजवळ तेवढेही उरत नाही. परात्मतेची ही अवस्था शहरी कादंबरीतील एकाकीपणाहून अधिक दारुण आहे, कारण तिच्याविषयी तक्रार करावी अशी जागाच नाही. ती ज्याला भोगावी लागते, त्याचा सर्वजण हेवा करीत असतात.

५

देवाचे रूप धारण करणे आणि देवाच्या रूपात अडकणे यांतील भेद कोकणच्या लोकपरंपरेनेच स्पष्ट करून ठेवला आहे. उत्तर कोकणात, आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत, उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा भरतो. काही गावी त्याला भोवाडा म्हणतात. संबळाच्या ठेक्यावर, मशालींच्या उजेडात, गणपती आणि शारदा यांच्यापासून देव-दैत्यांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. जगदंबेचे सोंग हा त्याचा कळस. मुखवटा चढविणारा त्याच गावचा शेतकरी वा मजूर असतो. रात्रभर गाव त्याला देव मानते, त्याच्यापुढे नारळ फोडते. उजाडल्यावर मुखवटा उतरतो, तो जपून ठेवला जातो आणि माणूस आपल्या कामाला लागतो. देवत्व येथे गावाच्या सामाईक मालकीचे आहे. ते माणसाला रात्रीपुरते मिळते आणि सकाळी परत घेतले जाते. परत घेण्याची ही सोयच त्या माणसाचे रक्षण करते.

दक्षिण कोकणातील दशावतार हे याच व्यवस्थेचे दुसरे रूप. जत्रेच्या रात्री देवळासमोर गणपती, सरस्वती आणि संकासुर यांच्या प्रवेशांनी खेळ सुरू होतो आणि पहाटेपर्यंत पौराणिक आख्यान चालते. रात्री राजाचा मुकुट घालणारा नट सकाळी स्वतःचे गाठोडे उचलून पुढच्या गावाच्या वाटेला लागतो, हे दृश्य वेंगुर्ले-कुडाळच्या प्रत्येक मुलाच्या परिचयाचे असते. खानोलकर या दृश्यातच वाढले. 'एक शून्य बाजीराव' (१९६६) या नाटकात त्यांनी विदूषकाच्या आणि लोकनाट्याच्या घाटांचा जो वापर केला, त्यामागे ही ओळख आहे. विजया मेहता यांनी 'रंगायन'साठी ते रंगभूमीवर आणले. बाजीराव सोंगे बदलत राहतो. कारण सोंगाखाली चेहरा आहे की नाही, याची त्याला खात्री नाही.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आणि 'कोंडुरा' यांना शेजारी ठेवले असता कादंबरीतील शोकाचे मूळ उजेडात येते. परशुरामतात्याचा मुखवटा उतरत नाही. त्याला तो गावाने चढविलेला नाही, म्हणून गाव तो उतरवू शकत नाही. तो एकट्याने, किनाऱ्यावर, साक्षीदारावाचून मिळालेला आहे. ज्या विधीला आरंभ आणि शेवट असतो, तो माणसाला समूहात परत आणतो. ज्या साक्षात्काराला शेवट नाही, तो त्याला समूहाबाहेर ठेवतो. खानोलकरांच्या सृष्टीत धर्म आणि परात्मता यांचे नाते या एका वाक्यात मांडता येईल. म्हणूनच त्यांचे लेखन श्रद्धेच्या विरोधातील ठरत नाही. विधीपासून तुटलेल्या, एकट्या माणसाच्या वाट्याला आलेल्या श्रद्धेचे ते चित्रण आहे. बोहाडा पाहून वाढलेल्या जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याला हा भेद सिद्धान्तावाचून समजू शकतो. वर्गात तो तेथूनच सुरू करणे अधिक श्रेयस्कर.

६

जागतिक साहित्यात याला जवळचे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागातील फ्लॅनरी ओकॉनर (१९२५–१९६४) यांच्या 'वाइज ब्लड' (१९५२) या कादंबरीत सापडते. तिचा नायक हेझल मोट्स हा फिरत्या धर्मोपदेशकाचा नातू. सैन्यातून परतल्यावर तो ख्रिस्ताविना चर्च अशी घोषणा करीत मोटारीवर उभा राहून उपदेश करतो. ज्या ख्रिस्तापासून त्याला पळायचे आहे, त्याच्याविषयीच तो अहोरात्र बोलत राहतो. अखेरीस तो कळीच्या चुन्याने स्वतःचे डोळे जाळतो, बुटांत खडे भरून चालतो आणि छातीला काटेरी तार गुंडाळतो. नाकारलेली धर्मप्रतीके त्याच्या देहावरच उमटतात.

खानोलकर आणि ओकॉनर यांच्यात प्रभावाचे नाते दाखविण्याचा हेतू येथे नाही. साम्य परिस्थितीचे आहे. दोघेही आपल्या भाषिक संस्कृतीच्या केंद्रापासून दूरच्या, गरीब आणि देवभोळ्या प्रदेशातून आलेले. दोघांचीही प्रतीके त्या प्रदेशाच्या रोजच्या आचारातील. दोघांनाही आयुष्य अपुरे मिळाले. ओकॉनर एकोणचाळिसाव्या वर्षी गेल्या, खानोलकर शेहेचाळिसाव्या वर्षी. भेद मात्र मूलगामी आहे. मोट्स देवापासून पळतो आणि देव त्याचा पाठलाग करतो. तात्या देवाकडे जातो आणि देव त्याला वापरतो. ओकॉनर यांच्या कॅथलिक दृष्टीत यातनेच्या पलीकडे अनुग्रहाची शक्यता आहे. मोट्सचे अंधत्व हे एका परीने दर्शन आहे. खानोलकरांच्या सृष्टीत अनुग्रह आधी येतो आणि यातना नंतर. त्या यातनेपलीकडे काय आहे, याविषयी लेखक मौन पाळतो. मराठीत हे मौन जी. ए. कुलकर्णी यांच्या नियतीशी नाते सांगते, परंतु जी. एं.ची नियती चेहराहीन आहे, तर खानोलकरांच्या नियतीला ग्रामदैवताचा चेहरा आहे. ती ओळखीची असल्यामुळेच अधिक भयावह वाटते.

'चानी'त हीच जाणीव दैवी साक्षात्काराशिवाय येते. गोऱ्या माणसापासून झालेली, पिंगट केसांची आणि निळ्या डोळ्यांची ही मुलगी. कोकणात खारीला चानी म्हणतात. सेतू बांधताना रामाने जिच्या पाठीवरून हात फिरविला, तीच ही खार. येथे मात्र गावाची बोटे तिला बाटविण्यासाठीच पुढे होतात. गावाने तिला वाळीत टाकलेले आहे आणि गावाची वासना तिच्याचभोवती फिरते. तात्या पूजेमुळे परका, चानी विटाळामुळे परकी. पवित्र आणि अपवित्र ही दोन टोके माणसाला वेगळे काढण्याच्या एकाच क्रियेची दोन नावे आहेत, हे या दोन व्यक्तिरेखा एकत्र वाचल्यावर दिसते.

७

खानोलकरांवरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. त्यांच्या लेखनात घाई आहे, कथानके कधी अतिनाट्याकडे झुकतात, कामवासना आणि नियती यांच्या गुंत्यात व्यक्तींचा सामाजिक तपशील हरवतो. निर्वाहासाठी लिहिणाऱ्या लेखकाला हात राखून लिहिता येत नाही, हे या घाईचे चरित्रात्मक स्पष्टीकरण होय; समर्थन नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे लेखन दैववादाचा पुरस्कार करते आणि शोषणाला गूढतेचे पांघरूण घालते, असा तो आक्षेप. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली 'कोंडुरा' हा हिंदी आणि 'अनुग्रहम्' हा तेलुगू चित्रपट केला, तेव्हा कथा आंध्रच्या किनाऱ्यावर नेली आणि जमीनदारी सत्ता, स्त्रीचे शोषण व श्रद्धेचा वापर यांवर भर दिला. गूढ कथेतील सामाजिक आशय उघड करणारे ते वाचन होते. असे वाचन शक्य झाले, याचा अर्थ तो आशय मूळ कृतीत सुप्तावस्थेत होताच. फरक एवढाच की, चित्रपट प्रेक्षकाला तात्यापासून काही अंतरावर उभे करतो. कादंबरी वाचकाला त्याच्या श्रद्धेच्या आत कोंडते. आतून पाहिल्यावर फसवणूक आणि साक्षात्कार वेगळे ओळखता येत नाहीत. ती असमर्थता भोगावयास लावणे, हे कादंबरीचे बळ आहे.

अखेरच्या वर्षांत रंगभूमीवर त्यांचे काम गाजले. 'अवध्य' आणि 'कालाय तस्मै नमः' (१९७२) यांच्यानंतर ब्रेख्तच्या नाटकावरून त्यांनी केलेले 'अजब न्याय वर्तुळाचा' विजया मेहता आणि जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्यातून उभे राहिले. त्यात मूल कोणाचे, जन्म देणारीचे की जपणारीचे, हा प्रश्न केंद्रस्थानी आहे. मातृत्व नाकारणाऱ्या मुळीची कथा लिहिणाऱ्या लेखकाने दशकाच्या आत हा प्रश्न मराठीत आणावा, ही घटना त्यांच्या वाटचालीत लक्षणीय मानली पाहिजे. जन्म नाकारण्याकडून जन्मलेल्याला जपण्याकडे झालेला हा प्रवास पुढे जाण्यास वेळ मिळाला नाही.

२६ एप्रिल १९७६ रोजी खानोलकरांचे निधन झाले. १९७७ साली व्ही. शांताराम यांचा 'चानी' पडद्यावर आला, त्यापाठोपाठ 'कोंडुरा' आला आणि १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहास मरणोत्तर जाहीर झाला. हयातीत खानावळीच्या चुलीपासून मुंबईच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत ज्याला स्वस्थता लाभली नाही, त्याच्या नावावर मृत्यूनंतर मान जमा झाले.

परशुरामतात्याच्या व्यक्तिरेखेतून खानोलकरांनी मराठी कादंबरीपुढे ठेवलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. अपमानित माणसाला समाज माणूस म्हणून जवळ घेत नाही. तो चमत्कार घेऊन आला तरच त्याला जागा देतो आणि ती जागा देवाची असते, माणसाची नसते. समुद्राच्या घळीत घुमणारा आवाज हा देवाचा होता की तात्याच्या भुकेचा, याचे उत्तर कादंबरी देत नाही. मात्र तो घरातून निघाला, त्या दिवशी कोणी त्याला जेवावयास थांबविले असते, तर तो किनाऱ्यापर्यंत गेला असता काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. एका खानावळवाल्याच्या लेखणीतून तो यावा, यातच या चरित्राचे आणि या कादंबरीचे नाते सामावलेले आहे.